देऊळ, नमाज, पाखंड: धर्माच्या शब्दांच्या खऱ्या कथा

प्रश्न असा आहे: 'ख्रिस्त म्हणजे कृष्ण, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असुर म्हणजे सुरा न पिणारे, अशा व्युत्पत्ती सारख्या वाचायला मिळतात. त्यांत खऱ्या किती? धर्माशी निगडित शब्दांच्या खात्रीच्या कथा कोणत्या? आणि आपल्या आपण हे तपासायचे कसे?'

पहिल्या भागाचे उत्तर लगेच देतो. तिन्ही व्युत्पत्ती चूक आहेत. ख्रिस्त हा शब्द ग्रीक 'ख्रिस्तोस'वरून आला, त्याचा अर्थ 'अभिषिक्त', तेल लावून पवित्र केलेला. तो हिब्रू 'माशिआह'चा अनुवाद आहे आणि त्याच हिब्रू शब्दाचे अरबी-फारशीतून आलेले रूप म्हणजे आपला 'मसीहा'. कृष्ण म्हणजे काळा. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. व्हॅटिकन हे रोममधल्या एका टेकडीच्या परिसराचे नाव, आणि ते ख्रिस्ती धर्म तिथे पोचण्याच्या आधीपासूनचे आहे. असुराची गोष्ट मोठी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मी बरीच वर्षे प्राकृत शिकवतो आणि शब्दांची कुळे शोधण्याचे काम करतो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. ध्वनीचे साम्य हा व्युत्पत्तीचा सगळ्यात कच्चा पुरावा. लॅटिनमध्ये देवाला 'देउस' म्हणतात, ग्रीकमध्ये 'थेओस'. दोन्ही शेजारच्या भाषा, दोन्ही एकाच कुळातल्या, अर्थही तोच. तरी हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत. 'देउस' आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा भाऊ आहे, दोघांच्या मुळाशी 'दिव्', म्हणजे प्रकाशणे. 'थेओस'चे मूळ वेगळे. उलट ग्रीक 'झेउस' आणि संस्कृत 'द्यौस्' हे कानाला लांबचे वाटणारे शब्द एकच आहेत. लॅटिन 'युपितर' म्हणजे आपला 'द्यौष्पिता'. दिसते एक आणि निघते भलतेच, असे या क्षेत्रात पदोपदी होते.

आता असुर. रामायणाच्या बालकांडात कथा आहे की समुद्रमंथनातून निघालेली वारुणी ज्यांनी स्वीकारली ते सुर आणि ज्यांनी नाकारली ते असुर. कथा जुनी आहे, पण शब्द तिच्याहून कितीतरी जुना. ऋग्वेदात असुर ही शिवी नाही, ती मोठी पदवी आहे. वरुण असुर आहे, अग्नी असुर आहे, इंद्रालाही हे विशेषण लागते. आणि 'सुर' हा शब्द ऋग्वेदात नाहीच. पुढे असुर शब्दाचा अर्थ बिघडत गेला, लोकांना त्याच्या सुरुवातीचा 'अ' नकाराचा वाटला, आणि तो काढून 'सुर' हा नवा शब्द घडवला गेला. म्हणजे असुर आधी जन्मला, सुर नंतर.

याच वेळी पलीकडे इराणात उलट घडले. तिथे संस्कृतमधल्या 'स'च्या जागी पुष्कळदा 'ह' येतो. सप्तचे हफ्त झाले, आणि सात दिवसांचा तो 'हफ्ता' पुढे आपल्याकडे 'हप्ता' होऊन आला. सोमचा हओम झाला, सिंधूचा हिंदू. इराणी सम्राट दारयवहूच्या शिलालेखात आपल्या बाजूच्या प्रांताचे नाव 'हिदुश्' असे कोरलेले आहे. तसाच असुराचा 'अहुर' झाला, आणि पारशी बांधवांचा परमेश्वर अहुर मज्द. त्यातला मज्द म्हणजे आपली 'मेधा', प्रज्ञा. त्याच धर्मात 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती. फारशी-उर्दू किश्श्यांमध्ये डोंगराएवढा राक्षस येतो त्याला 'देव' म्हणतात, तो इथलाच. दोन भावंडांनी वडिलोपार्जित शब्द वाटून घेतले आणि एकाने ज्याला पूजनीय मानले त्याला दुसऱ्याने त्याज्य ठरवले. हे नेमके का घडले यावर विद्वानांचे वाद आहेत, घडले यावर नाहीत.

इराणी वाट एकदा लक्षात आली की पुढचे शब्द आपोआप उलगडतात. इस्लाममधल्या रोजच्या प्रार्थनेला अरबीत 'सलात' म्हणतात. 'नमाज' हा शब्द अरबी नाही, फारशी आहे, आणि इस्लामपूर्व काळापासूनचा आहे. त्याचे मूळ आणि संस्कृत 'नमस्'चे मूळ एकच. नमस्कार करणारा आणि नमाज पढणारा एकाच धातूने वाकतो. 'रोजा' म्हणजे दिवसाचा उपास, त्यातला 'रोज' आपण रोजनिशीत आणि रोजंदारीत वापरतो, आणि त्याचे नाते संस्कृत 'रुच्', म्हणजे चमकणे, याच्याशी. 'पैगंबर'मधला 'बर' म्हणजे वाहून आणणारा, हा आपला 'भृ' धातू. मला सगळ्यात आवडतो तो 'बहिश्त'. स्वर्गाचा हा फारशी शब्द अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या 'वहिश्त'वरून आला, अर्थ 'सर्वोत्तम'. 'स'च्या जागी 'ह' हा नियम लावून पाहा. हा आपला 'वसिष्ठ' आहे. ऋषीचे नाव आणि स्वर्गाचे नाव, दोन्ही एकच शब्द.

स्वर्गाचा दुसरा शब्द 'फिरदौस'. तोही कुराणात आहे आणि त्याचे मूळही इराणी. अवेस्तात 'पइरिदएझ' म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. 'पइरि' म्हणजे आपला 'परि', आणि 'दएझ'चे नाते लिंपणे या अर्थाच्या 'दिह्' धातूशी. आपला 'देह' त्याच धातूचा. इराणी राजांची कुंपणबंद उद्याने पाहून ग्रीकांनी तो शब्द 'पारादेइसोस' असा उचलला, बायबलच्या ग्रीक अनुवादात एदेनच्या बागेला तोच शब्द लागला, आणि त्यातून इंग्रजी 'पॅरडाइज' आला. ओसाड, कोरड्या मुलखात भिंतीआडची हिरवी बाग हाच स्वर्ग वाटणे किती स्वाभाविक आहे!

आपल्या घराकडे वळू. 'मंदिर' हा शब्द मुळात धार्मिक नाही. अमरकोशात तो भवन, सदन, निकेतन यांच्या रांगेत साध्या घराचा पर्याय म्हणून बसला आहे. मन आणि आणखी काही जोडून त्याची जी व्युत्पत्ती सांगतात ती विसरून जा. खरी कथा 'देऊळ' शब्दात आहे. देऊळ आले 'देवकुल'वरून: देवकुल, देवउल, देउल, देऊळ. हे 'देवकुल' केवळ देवाचे घर नव्हते. भासाच्या नावावर असलेल्या 'प्रतिमा' नाटकात भरत आजोळहून अयोध्येला परतताना गावाबाहेरच्या एका देवकुलात शिरतो. तिथे दिलीप, रघू, अज यांचे पुतळे आहेत, आणि शेजारी दशरथाचा. भरत तिथल्या देवकुलिकाला विचारतो की जिवंत माणसांचेही पुतळे इथे उभारतात का. तो सांगतो की नाही, फक्त दिवंगत राजांचे. बापाच्या मृत्यूची बातमी मुलाला अशी कळते. संस्कृत नाटकांतला माझ्या मते हा सर्वांत भेदक प्रसंग आहे, आणि तो 'देवकुल' या शब्दाच्या जुन्या अर्थावर उभा आहे. मथुरेजवळच्या माट गावी कुषाण राजांचे पुतळे सापडले, डोके नसलेला तो प्रसिद्ध कनिष्कही तिथलाच, आणि तिथल्या शिलालेखात 'देवकुल' हाच शब्द आहे.

महाराष्ट्रात अशी जागा आहे जुन्नरजवळच्या नाणेघाटात. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या. मूर्ती आता उरल्या नाहीत, पण वर ब्राह्मी लिपीत नावे आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, शिवाय एक 'महारठि'सुद्धा. राजांच्या पुतळ्यांचे घर ते देवाचे घर, हा प्रवास 'देऊळ' या शब्दाने केला. त्याचा जोडीदार 'राऊळ' तर उघडच 'राजकुल', म्हणजे राजवाडा. विठ्ठलाच्या राऊळात जाणारा वारकरी शब्दशः राजाच्या वाड्यात जातो. आतला 'गाभारा' म्हणजे 'गर्भागार'. गाभा, गाभण हे त्याचेच नातलग.

व्यक्तींची नावे बघायची तर एकच उदाहरण पुरे, कारण त्यात प्राकृताचे सगळे मर्म आहे. 'उपाध्याय' हा शब्द घ्या. मनुस्मृती सांगते की वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे उपजीविकेसाठी शिकवतो तो उपाध्याय. प्राकृतात 'ध्य'चा 'ज्झ' होतो, जसे संध्याचे संझा आणि मग सांज, मध्यगृहाचे माजघर. त्या नियमाने उपाध्यायचे 'उवज्झाय' झाले. हे मधले रूप पुस्तकात शोधायला नको, जैन बांधव ते रोज म्हणतात. णमोकार मंत्रात 'णमो उवज्झायाणं' हेच आहे. पुढे उवज्झायचा 'ओझा' झाला आणि मिथिलेत घासत घासत नुसता 'झा' उरला. एका अक्षराचे आडनाव, आणि त्यात अख्खा उपाध्याय. आपल्याकडे मूळ शब्द वेगळ्या बाजूने झिजला आणि 'उपाध्ये', 'पाध्ये' झाले.

जैन परंपरेची अशीच एक खूण आपण नकळत बाळगतो. कामाला सुरुवात केली की आपण म्हणतो 'श्रीगणेशा केला', किंवा 'ओनामा केला'. हा ओनामा म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्'. जुन्या शाळांत धुळाक्षरे गिरवण्याआधी मुले हे म्हणत, त्याचे उच्चार झिजून 'ओनामासिधं' झाले. सिद्धांना वंदन करणारे हे वाक्य सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या तोंडी होते आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही.

आता अर्थ बिघडलेल्या शब्दांकडे येतो. या भागात मला थांबावेसे वाटते, कारण इथे शब्दाबरोबर माणसांचे वागणेही दिसते. 'पाखंडी' म्हटले की आज ढोंगी, धर्मबुडवा असे डोळ्यांपुढे येते. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे फक्त पंथ, संप्रदाय, बरा ना वाईट. गिरनारच्या बाराव्या लेखात राजा म्हणतो की आपण सर्व पासंडांचा, संन्यस्तांचा आणि गृहस्थांचा सन्मान करतो. आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अशोकाचे लेख आपल्या दाराशीही आहेत, मुंबईजवळच्या सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला. पण मनुस्मृतीपर्यंत येता येता अर्थ फिरला. पाषंडींचा शब्दानेही सत्कार करू नये, असे तिथे सांगितले आहे. 'आपल्याहून वेगळा पंथ' याचा 'खोटा पंथ' झाला, आणि अखेरीस 'ढोंग' झाला.

अशोकाची पदवी 'देवानांप्रिय', देवांना आवडता. व्याकरणकार पतंजली हा शब्द आदराने वापरतो. पाणिनीच्या व्याकरणात एक सूत्र आहे की निंदा दाखवायची असेल तेव्हा समासात षष्ठीचा प्रत्यय लोपत नाही. त्याच्याखाली 'देवानांप्रिय' हा शब्द वार्तिकात, म्हणजे सूत्रावरच्या जुन्या टिपणीत, आला, आणि सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत त्यापुढे 'मूर्खे' हा शब्द दिसतो. म्हणजे देवानांप्रिय याचा अर्थ मूर्ख! तोवर अशोक विस्मृतीत गेला होता. त्याची लिपी कुणाला वाचता येत नव्हती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली तेव्हा जागोजागी 'देवानंपिय पियदसि' दिसू लागले, पण हा राजा कोण ते कळेना. सिंहली बौद्ध ग्रंथांच्या आधारे तो अशोक असावा असे ठरले. आणि 1915 मध्ये आजच्या कर्नाटकातल्या मस्की इथे जो लेख सापडला त्यात देवानांप्रियाशेजारी 'अशोक' हे नावच कोरलेले होते. ज्या शब्दाला व्याकरणाने शिवी ठरवले त्यानेच इतिहासाला सम्राट परत मिळवून दिला.

बुद्धाच्या नावाचे हाल वेगळे. फारशीत मूर्तीला 'बुत' म्हणतात, तो 'बुद्ध' शब्दच. मध्य आशियात मूर्ती म्हणजे बुद्धाचीच, इतक्या त्या होत्या. पुढे शब्दाचा अर्थ कोणतीही मूर्ती असा झाला आणि 'बुतपरस्त' म्हणजे मूर्तिपूजक. पण सर्वांत अद्भुत प्रवास 'बोधिसत्त्व' या शब्दाचा आहे, आणि तुम्हांला एकच कथा लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बुद्धचरित्राची कथा इराणी जगातून अरबीत गेली तेव्हा बोधिसत्त्वाचे 'बूदासफ' झाले. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीला 'ब' आणि 'य' यांच्यात फरक फक्त खालच्या नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा, एक की दोन. कुणा लेखनिकाकडून एक नुक्ता वाढला आणि बूदासफचा 'यूदासफ' झाला. तो जॉर्जियन भाषेत 'इओदासफ' झाला, ग्रीकमध्ये 'इओआसाफ', आणि लॅटिनमध्ये 'जोसाफत'. आता कथा अशी झाली: हिंदुस्थानच्या एका राजाला ज्योतिषांनी सांगितले की तुझा मुलगा राज्य सोडून धर्माच्या वाटेला लागेल. राजाने त्याला महालात कोंडून वाढवले. बाहेर पडल्यावर मुलाने रोगी आणि म्हातारा पाहिला, मरण म्हणजे काय ते त्याला कळले. मग बार्लाम नावाचा तपस्वी त्याला भेटला आणि त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. युरोपभर ही कथा गाजली, शेकडो वर्षे लोकांनी ती भक्तिभावाने वाचली, आणि सोळाव्या शतकातल्या रोमन संतनामावळीत 27 नोव्हेंबर हा बार्लाम आणि जोसाफत या संतांचा दिवस म्हणून नोंदला गेला. गौतम बुद्ध अशा रीतीने कॅथलिक संत झाले.

या कथेसोबत महाभारतातला एक दृष्टांतही गेला. स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो: एक माणूस आडात लोंबकळतो आहे, खाली सर्प, वर हत्ती, ज्या झाडाच्या वेलींत तो अडकला आहे ते काळे-पांढरे उंदीर कुरतडताहेत, आणि तो मात्र टपकणारा मध चाटण्यात दंग आहे. ते उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस. जैन कथाकारांनी हाच मधुबिंदूचा दृष्टांत सांगितला. इटलीतल्या पार्मा शहरी बाप्तिस्मागृहाच्या दारावर बाराव्या-तेराव्या शतकातला शिल्पकार आंतेलामी याने तो दगडात कोरला आहे. आणखी एक दुवा आपल्या अंगणातला. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु गोव्यात राहत होता. मुंबईच्या साष्टी बेटावरल्या कान्हेरी लेण्यांबद्दल लिहिताना त्याने ती दंतकथा नोंदवली की ही लेणी संत जोसाफतच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवायला खोदवली. बौद्ध लेण्यांना बुद्धाची कथा चिकटली होती, फक्त नाव बदलले होते.

पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेले धर्मशब्द थोडे, पण पक्के रुजले. पाद्री म्हणजे बाप, क्रूस म्हणजे वधस्तंभाची खूण, आणि नाताळ म्हणजे जन्माचा दिवस. नाताळच्या मुळाशी लॅटिन 'नातुस', म्हणजे जन्मलेला. त्याचे आणि आपल्या 'जन्', 'जात' यांचे मूळ एक, म्हणजे 'जन्माष्टमी' आणि 'नाताळ' यांत एकच धातू आहे. फादर थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये छापलेले क्रिस्तपुराण ओवीत रचले तेव्हा स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' शब्द वापरला. परका धर्म सांगायलाही शब्द इथलेच लागतात.

'उरूस' हा शब्द खेड्यापाड्यांत इतका मुरला आहे की हिंदू दैवताच्या जत्रेलाही लोक तो लावतात. अरबीत 'उर्स' म्हणजे लग्न. सूफी संताची पुण्यतिथी त्याचे लग्न मानली जाते, कारण त्या दिवशी त्याचे परमेश्वराशी मीलन झाले. आणि खंडोबाच्या जत्रेतला 'येळकोट' कन्नड 'एळु कोटि', सात कोटी.

काही शब्द भीतीपोटी जन्मतात. अनिष्टाचे नाव घ्यायचे नाही म्हणून त्याला चांगले नाव द्यायचे. रुद्राला 'शिव', म्हणजे कल्याणकारी, म्हणण्यामागे हीच वृत्ती. 'भादरणे' आज तुसडा शब्द वाटतो, पण तो 'भद्राकरण'वरून आला, आणि भद्र म्हणजे मंगल. वस्तरा डोक्याला लागणार, तेव्हा नाव तरी शुभ असावे. पण याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण 'देवी'. ज्या रोगाने पोरे दगावत, वाचलेल्यांचे डोळे जात, त्याला मराठीने रोग म्हटलेच नाही. 'देवी आल्या' म्हटले, जणू घरी कुणी मोठे पाहुणे आले. हिंदुस्थानातली पहिली लस मुंबईत 14 जून 1802 रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली, आणि त्या लशीलाही आपण 'देवी टोचणे' म्हटले. 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, आदरार्थी बहुवचन मात्र भाषेत राहिले.

शेवटचा भाग, तपासायचे कसे. कुठलीही व्युत्पत्ती समोर आली की तीन गोष्टी विचारा. मधली रूपे दाखवता येतात का? जो ध्वनिबदल सांगितला आहे तोच दुसऱ्या शब्दांत घडलेला दिसतो का? आणि तो शब्द जिथून आला म्हणतात तिथे तो त्या काळी होता का? व्हॅटिकन आणि वाटिका या परीक्षेत पहिल्याच पायरीला पडतात. 'जानवे' घेऊन स्वतः करून पाहा. मूळ 'यज्ञोपवीत'. सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होतो का? यात्राची जत्रा, योगीचा जोगी, यतीचा जती. होतो. 'ज्ञ'चा 'ण' किंवा 'न' होतो का? राज्ञीची राणी, आज्ञेची 'आण'. होतो. दोन स्वरांमधला 'प' मऊ होऊन 'व' होतो का? दीपकाचा दिवा, कूपकाचा कुवा. होतो. आणि मधले रूप? प्राकृतात 'जण्णोवईअ' आहे. इतके जुळले की व्युत्पत्ती मान्य करायला हरकत नाही.